बिनजोड वासे

रजया काढायला म्हणून व्हायोला माळ्यावर गेली, तर उतरत्या छपराच्या कोपऱ्यातल्या गाठोड्यावर बारीक बर्फ सांडला होता. पीठ चाळून ठेवावं तसा. तिनं हात फिरवला आणि वर बघितलं. छप्पर कोरडं होतं. बर्फ वरून गळला नव्हता, बाजूनं आत घुसला होता. भिंतीचा माथा आणि तक्तपोशीची कड यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडली होती, आणि तिच्यातून बाहेरचा उजेड दिसत होता.

घर नवंच होतं. हेरिंग टिकल नावाच्या वस्तीत खाडीकाठी खडकावर उभं, दारं-खिडक्यांचा हिरवा रंगही अजून उडाला नव्हता. बांधलं होतं तिच्या सासऱ्यानं, ईसाव बजेलनं. अख्ख्या वस्तीत जी घरं वाऱ्याला तोंड देऊन उभी होती, त्यांतली निम्मी तरी ईसावकाकाच्या हातची होती. हे त्याचं शेवटचं. हे बांधता बांधताच त्याच्या डोळ्यांत सारा चढला आणि दिसेनासं झालं.

व्हायोला गुडघ्यांवर बसली आणि छपराच्या कडेकडेनं सरकत गेली. तिथं माणसाला मान वर करता येत नाही. पहिल्या वाशाचा पाय तक्तपोशीखालच्या तुळईला अंगाशी अंग लावून बसला होता, दोघांत जाड खिळे ठोकलेले. दुसऱ्या वाशाला शेजार नव्हता. त्याचा पाय भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडावर नुसताच टेकला होता. तिसऱ्याला तुळई होती. चौथ्याला नव्हती. ती पार दुसऱ्या टोकापर्यंत गेली. एकाआड एक तसंच. ज्यांना जोड नव्हती ते वासे छपराच्या भारानं बाहेर सरकले होते आणि सरकताना भिंतीचा माथा ढकलत होते. निसरड्या जमिनीवर उभ्या माणसाचे पाय फाकावेत, तसं.

ती खाली आली तेव्हा म्हातारा चुलीजवळच्या बाकावर जाळं विणत बसला होता. डोळे खिडकीकडे, बोटं आपली आपण चाललेली.

"एवढा वेळ काय करत होतीस वर?"

"वासे बघत होते, बाबा."

"खाल्ल्या घरचे वासे मोजतेस होय, पोरी?" म्हातारा हसला. पण ते हसू पुरतं व्हायच्या आतच थांबलं. बोटंही थांबली. मग त्यानं गाठ ओढली आणि पुन्हा विणायला लागला.

तिचा नवरा जेथ्रो दुपारी लाकडं घेऊन आला. व्हायोला शाल ओढून बाहेर लाकडांच्या खोपटात गेली. तो बर्फ झटकत होता.

"वर निम्म्या वाशांना तुळयाच नाहीत," ती म्हणाली.

जेथ्रोनं हातमोजे काढले आणि एकात एक घातले.

"तुला ठाऊक होतं?"

"मीच तर खिळे मारले."

"मग दोन हिवाळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?"

"पुढच्या शरदात लांब लाकूड आणू, तेव्हा घालू, असं ठरलं होतं."

"लांब लाकूड होतं की! वसंतात तुम्ही ओढून आणलंत, मी डोळ्यांनी बघितलं. किनाऱ्यावर रचून ठेवलं होतं. गेलं कुठं?"

जेथ्रोनं खाडीकडे बघितलं. खाडी गोठली होती आणि तिच्यावर काही नव्हतं. "लिअँडरच्या बोटीत गेलं. बाबांनी दिलं. त्याची बोट व्हायची होती ना त्या वर्षी."

लिअँडर थोरला. बोट झाली, एक मोसम चालली. मग त्यानं ती पलीकडच्या बेटावरच्या एका माणसाला विकली आणि टोरांटोला कारखान्यात लागला. व्हायोलाला हे सगळं माहीत होतं. आपल्या डोक्यावरचं छप्पर त्या बोटीत गेलं होतं, एवढंच काय ते माहीत नव्हतं.

"बाबांना सांग," ती म्हणाली.

"काय सांगू? तुमचं घर फाकतंय म्हणून?"

"आपली पोर त्या वाशांखाली झोपते, जेथ्रो. मर्टल झोपते."

"या हिवाळ्यात काही होत नाही."

"कोण म्हणतं?"

त्यानं कुऱ्हाड उचलली आणि आधीच फोडलेलं लाकूड आणखी बारीक फोडायला लागला.

मर्टलचं अंथरूण त्या संध्याकाळी व्हायोलानं खाली स्वयंपाकघरात आणलं. म्हाताऱ्यानं विचारलं, "पोर खाली का?" ती म्हणाली, "वर गारठतंय." ते खोटं नव्हतं.

त्या आठवड्यात बर्फ थांबलाच नाही. वरच्या मजल्याची खिडकी आधी घट्ट झाली, मग उघडेना. जिन्याच्या तोंडचं दार चौकटीला घासायला लागलं. व्हायोलानं दाराची कड साबणानं चोळली, आणि म्हातारा ऐकत बसला. तो डोळ्यांनी अधू होता, कानांनी नव्हता.

रविवारी प्रार्थनेनंतर गार्लंड व्हीलर चहाला आला. शेजारचाच, भला मोठा माणूस, आवाजही तसाच. पाव, काकवी आणि खारवलेल्या माशाचं ताट त्याच्यासमोर ठेवलं, तेव्हा त्याचं लक्ष दाराकडे होतं. मर्टल ते दार दोन्ही हातांनी ढकलत होती.

"ईसावकाका," गार्लंड म्हणाला, "मी वाटेनं येताना बघत होतो. तुमच्या घराला पोट सुटलंय की काय? माझ्यासारखं?" आणि आपल्या पोटावर थाप मारून मोठ्यानं हसला.

व्हायोलानं किटली उचलली. जेथ्रो ताटातला काटा बाजूला काढत होता, तो काढतच राहिला.

"माझ्या घराला?" म्हातारा म्हणाला.

"अहो, चेष्टा केली. उन्हाळ्यात ओलं लाकूड वापरलं असेल, वाळताना इकडं तिकडं होतं."

"मी ओलं लाकूड वापरत नाही, गार्लंड. तुझ्या बापाचं घर मी बांधलंय. त्याला पोट सुटलंय?"

"नाही, काका."

"मग खा."

गार्लंड खाली मान घालून खाऊ लागला. बोलणं सीलच्या शिकारीवर वळलं. म्हातारा नेहमीसारखं बोलला, जरा जास्तच बोलला. पण गार्लंड गेल्यावर त्यानं कोट मागितला, टोपी मागितली, आणि फडताळातली आपली जुनी पेटी.

"बाबा, बाहेर बर्फ आहे," व्हायोला म्हणाली.

"मला दिसत नाही, म्हणून सांगतेस होय?"

पेटीतून त्यानं ओळंबा काढला. दोरी मळकी झाली होती. समोरच्या भिंतीला शिडी लावायला त्यानं जेथ्रोला सांगितलं, वर चढून भिंतीच्या माथ्याला दोरी बांधायला सांगितलं, आणि शिशाचा लंबक खाली सोडला. मग एका हातानं दोरी आणि दुसऱ्यानं भिंत चाचपत उभा राहिला. वाटेनं संध्याकाळच्या प्रार्थनेला निघालेली माणसं जात होती. काहीजण थांबली. एकीनं "काय चाललंय, काका?" असं विचारलंही. तो म्हणाला, "भिंतीशी बोलतोय."

खाली भिंत आणि दोरी यांच्यात त्याच्या तळहाताएवढी जागा निघाली. त्यानं हात तसाच ठेवला. पुन्हा वरपासून खालपर्यंत दोरी चाचपली, लंबक डोलत नाही ना ते बघितलं, आणि हात तिथंच घातला. तेवढीच जागा. माथा तेवढा बाहेर झुकला होता.

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी व्हायोला चूल पेटवायला उठली तर म्हातारा बूट चढवून बाकावर बसला होता. मांडीवर कुऱ्हाड. बोटांनी धार बघत होता.

"जेथ्रोला उठव," तो म्हणाला. "लांब लाकूड आणायचंय."

जेथ्रो जिन्यावर उभा होता. अर्धवट कपडे घातलेला. "बाबा, मी आणि गार्लंड जाऊ."

"गार्लंडच्या हातचं लाकूड माझ्या घरात नको. मी येतो."

"तुम्हाला..."

"दिसत नाही. ठाऊक आहे. झाड तू बघ, मी तोडतो."

मग व्हायोलाच म्हणाली, मीही येते. मर्टलला गार्लंडच्या बायकोकडे ठेवलं. घोडा लंगडत होता, त्यामुळे बर्फगाडी माणसांनीच ओढायची होती. दोरी खांद्यावरून छातीशी घेऊन जेथ्रो पुढं, व्हायोला त्याच्या मागं. म्हातारा गाडीच्या मागच्या दांड्याला धरून. तो ढकलत होता की धरून चालत होता, ते कुणी विचारलं नाही.

खाडी ओलांडली की रान लागतं. सरळ, उंच स्प्रूसची झाडं मिळायला आत बरंच जावं लागलं. किनाऱ्याजवळची चांगली झाडं कधीच गेली होती. कमरेएवढ्या बर्फात पाय रुतत होते. व्हायोलाचा घाम पाठीवरून उतरून कमरपट्ट्याशी थंड पडला. दोरीचा काच खांद्यावर बसला.

जेथ्रो झाड निवडायचा, बुंध्याभोवतीचा बर्फ फावड्यानं काढायचा, म्हाताऱ्याचा हात धरून खोडावर ठेवायचा. म्हातारा साल चाचपायचा, वर तोंड करायचा, जणू शेंडा ऐकतोय. मग घाव. पहिले घाव अगदी बेतात बसले. जेथ्रो बाजूला उभा राहून बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर लहान पोरासारखं काहीतरी आलं. पण तिसऱ्या झाडाशी म्हाताऱ्याचा दम संपला. कुऱ्हाड खोडावरून निसटली आणि त्याच्या बुटाशेजारी बर्फात घुसली.

"बसा जरा, बाबा," व्हायोला म्हणाली. तिनं चहाचा डबा उघडला. फांद्या अंथरून त्याला बसवलं. जेथ्रोनं उरलेली झाडं पाडली. लाकूड वाहून न्यायला हलकं व्हावं म्हणून दोन बाजूंनी तिथंच तासायचं होतं. रुंद पात्याची कुऱ्हाड म्हाताऱ्यानं मागितली. तासणं बसून होतं, बोटांनी होतं. जेथ्रोनं रंगाची दोरी मारून रेघ पाडून दिली. म्हातारा तासत गेला. लाकडाच्या पातळ, पांढऱ्या चिरफळ्या बर्फावर पडत गेल्या. मात्र रेघेपासून तासणी हळूहळू आत गेली, मग बाहेर आली.

म्हातारा दुसऱ्या लाकडाकडे वळला की जेथ्रो मागं राहून आधीचं लाकूड पुन्हा तासायचा. वेगळा आवाज होऊ नये म्हणून म्हातारा घाव घाली तेव्हाच तोही घाव घाली. दोन कुऱ्हाडींचा एक आवाज. व्हायोला फांद्या छाटत होती. तिला वाटलं, म्हाताऱ्याला कळणार नाही.

"जेथ्रो," म्हातारा न थांबता म्हणाला, "किती बाहेर गेली?"

जेथ्रोची कुऱ्हाड वरच राहिली. "थोडी."

"थोडी म्हणजे?"

"बोटभर."

म्हाताऱ्यानं कुऱ्हाड आडवी ठेवली. बर्फ झटकायला म्हणून टोपी काढली, ती हातातच धरून बसला. त्याचं टक्कल लाल झालं होतं.

"तो थोरला होता," तो म्हणाला. "त्याच्याकडं बोट नव्हती. बोटीशिवाय माणूस इथं राहतो का? मला वाटलं, बोट असली की राहील."

व्हायोलानं छाटलेली फांदी बाजूला ओढली.

"तुला घर होतं, जेथ्रो. तू कुठं जाणार होतास?"

"कुठं नाही," जेथ्रो म्हणाला.

"तेच." म्हाताऱ्यानं टोपी घातली. "पुढचं लाकूड तू तास. मी फांद्या काढतो."

अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या. दोनदा वाऱ्यानं घरी बसवलं. तुळया दाराशी रचल्या तेव्हा आकाश दक्षिणेकडून भुरकट झालं होतं आणि हवा एकदम मऊ पडली होती. गार्लंड आपल्या बोटीच्या कप्प्या आणि जाड दोर घेऊन आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"पाऊस येतोय," तो म्हणाला. "छपरावरचा बर्फ पाणी प्यायला की लोखंड होईल. काका, तुम्ही हाकला मला, पण कप्प्या ठेवून जातो."

म्हातारा दारात उभा होता. "कप्प्यांना तेल दिलंयस का?"

"दिलंय."

"मग ये आत."

आधी छप्पर मोकळं करायचं होतं. वजनानं गार्लंड छपरावर चालणारा नव्हता. जेथ्रो एका उतारावर गेला, व्हायोला दुसऱ्यावर. कमरेला दोर, दोराचं टोक पलीकडच्या उतारावरच्या नवऱ्याच्या कमरेला. एक घसरला तर दुसऱ्यानं त्याला तोलायचं. डांबरी कागदावरून बूट सटकत होते. फावड्यानं बर्फाच्या लाद्या कापून तिनं खाली ढकलल्या. खाली वाटेवरून एक बाई ओरडली, "व्हायोला, आढ्यावर चढलीस, आता खाली घर कोण बघणार?" व्हायोलानं एक लादी तिच्या बाजूला ढकलली. बाई हसत पळाली.

मग आतलं काम. कडेच्या फळ्या उखडल्या. गिरमिटानं भोकं पाडून दोन्ही भिंतींच्या माथ्यांना साखळ्या अडकवल्या. दोर कप्प्यांतून माळ्याच्या मधून आरपार. गार्लंड आणि जेथ्रो दोराला. म्हातारा जिन्याच्या तोंडाशी बसला होता. त्याला कुणी खाली जायला सांगितलं नाही आणि काय करायचं हे त्यानंही सांगितलं नाही.

ओढायला लागले. दोर ताणला, मग करकरला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग घरात कुठूनतरी खोल आवाज आला, झोपेत माणूस कण्हतो तसा, आणि खालच्या फडताळातली एक बशी पडून फुटली. भिंत आत आली. फट मिटत गेली. पूर्ण नाही मिटली. मधल्या एका ठिकाणी माथ्याचं लाकूडच तडकलं होतं, तिथं एक बोट उरलं. गार्लंड दात खाऊन ओढत होता. मानेच्या शिरा टरारल्या.

"बास," म्हातारा म्हणाला. "तेवढं राहू दे. जास्त ओढलंत तर मोडेल."

दोर बांधून ठेवला. खिडकीची चौकट काढून त्या वाटेनं तुळया आत घेतल्या. एक एक तुळई बिनजोड वाशाशी नेऊन अंगाला अंग लावली. बाहेर पाऊस सुरू झाला होता, बारीक, गोठत पडणारा.

"पहिला खिळा मी मारतो," म्हातारा म्हणाला.

तो रांगत आला. जेथ्रोनं हातोडा त्याच्या हातात दिला. खिळा धरायला जागा अडचणीची होती, वासा उतरता, माणूस आडवा. म्हाताऱ्यानं खिळा चाचपून सांध्यावर टेकवला. पहिला घाव निसटला आणि खिळा वाकला. गार्लंड दोराची गाठ बघायला लागला. जेथ्रो छपराकडे बघत होता.

व्हायोला म्हाताऱ्याशेजारी कुशीवर आडवी झाली. दुसरा खिळा तिनं आपल्या बोटांत धरला, तुळई आणि वासा यांच्या सांध्यावर. "मारा," ती म्हणाली.

"बोटं काढ."

"काढली तर पडेल. मारा."

त्यानं मारला. बसला. पुन्हा मारला, बसला. तिसरा घाव तिच्या बोटावर आला.

ती ओरडली नाही. श्वास मात्र तोंडातून फुटला. नखाखाली रक्त जमलं. म्हाताऱ्यानं आवाजावरून ओळखलं होतं. लाकडावरचा हातोडा वेगळा वाजतो. तो तसाच आडवा राहिला. मग हातोडा मागं सरकवला, जेथ्रोच्या गुडघ्याला लागेपर्यंत. आणि मागं मागं सरकत, तोंड त्यांच्याकडेच ठेवून, जिन्याकडे गेला. एक एक पायरी चाचपत तो उतरल्याचं ऐकू आलं.

जेथ्रो उठायला लागला.

"आधी मार," व्हायोला म्हणाली.

"हात बघू."

"मार म्हणते ना. पाऊस थांबलाय का?"

जेथ्रोनं खिळा पुरा आत घातला. मग दुसरा, तिसरा. एका सांध्यात जेवढे बसतील तेवढे. गार्लंड तुळया सरकवत होता आणि आता त्याला काही विनोद सुचत नव्हता. व्हायोलानं एका हातानं जमेल तोवर खिळे पुरवले. मग बोट इतकं ठणकायला लागलं की डोळ्यांपुढं काजवे आले, आणि ती खाली आली.

म्हातारा टेबलाशी उभा होता. समोर पातेलं, त्यात पाणी आणि दारातून आणलेला बर्फ. पाणी टेबलावर सांडलं होतं आणि त्याच्या बाह्यांवरही.

"दे," तो म्हणाला.

तिनं हात दिला. त्यानं मनगट धरून तो पाण्यात बुडवला आणि वरून आपला हात ठेवला. त्याची बोटं तिच्या बोटापेक्षा गार होती. वर हातोडा चालला होता. म्हातारा मान वाकडी करून ऐकत होता. त्याचे ओठ हलत होते. काहीतरी सांगायचं होतं त्याला, ती बघत होती, आणि तो ते गिळत होता.

"खिळे बाजूनं मारतोय का तो?" शेवटी त्यानं विचारलं. "तिरके?"

"मला नाही कळत, बाबा. तुम्हीच विचारा."

वरचा आवाज थांबला. गार्लंड म्हणत होता, ही शेवटची. मग पुन्हा ठोके, सावकाश, आणि पुन्हा शांतता. खिडकीच्या काचेवर पाऊस गोठून जाड होत होता. छप्पर तसंच टिकून होतं.

म्हाताऱ्यानं तिचा हात सोडला. टेबलाची कड, मग खुर्ची, मग भिंत धरत तो जिन्याच्या तोंडाशी गेला. दार पूर्ण उघडं होतं. त्यानं वर तोंड केलं.

"जेथ्रो."

"काय, बाबा?"

"मी येऊ का वर बघायला?"

वर हातोडा खाली ठेवल्याचा आवाज आला. व्हायोलानं पाण्यातला हात हलवला नाही. साऱ्या वस्तीतल्या घरांत हा माणूस न विचारता शिरत आला होता.

"या," जेथ्रो म्हणाला. पावलं जिन्याशी आली. "थांबा, मी खाली येतो. हात द्या."